पट्टीखालचं घर

१

तलावाचा आकडा दिवसातून तीनदा कळवावा लागे. सकाळी सातला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला. तलाव काठोकाठ होता तेव्हा एकदा कळवलं तरी भागायचं. भरल्या कणगीतलं धान्य कुणी मोजत बसत नाही. पण पावसानं लागोपाठ दोन वर्षं तोंड फिरवलं आणि बोटबोट पाण्याला किंमत आली.

तिचा नवरा पातळीवाला. सगळे त्याला याच नावानं ओळखत. पोस्टमनसुद्धा "पातळीवाले, पत्र!" असंच ओरडायचा. उतारावर एकीखाली एक अशा काळ्या-पांढऱ्या पट्ट्या रोवल्या होत्या. पाणी जिथं टेकलंय तिथला आकडा वाचायचा, हे त्याचं पहिलं काम. दुसरं काम काठाचं. पाणी मागे सरकलं की त्याच्या पाठोपाठ चुन्याची रेघ पुढे न्यायची. इथं धुणं, तिथं गुरं, पलीकडे पंप, आणि मोकळ्या झालेल्या गाळात ज्यांना काकड्या लावायला वाटे मिळालेत त्यांच्या खुंट्या. रेघेपलीकडे कुणी जायचं नाही. तिथला गाळ वरून पापुद्रा धरून सुकल्यासारखा दिसायचा, आणि पाय टाकला की मांडीपर्यंत आत ओढायचा.

खाली फोनला रेंज नव्हती. म्हणून नवरा-बायकोनं आपली एक रीत बसवली होती. तो पट्टी वाचून रंगवलेले पत्र्याचे मोठाले आकडे खांबावर टांगायचा. ती वर क्वार्टरच्या अंगणातून ते वाचायची आणि कंट्रोल रूमला फोन लावायची. हे कुठल्या नियमात बसत नव्हतं, पण साहेबांनाही माहीत होतं आणि कुणाची हरकत नव्हती.

"बोला वहिनी," पलीकडून ऑपरेटर म्हणायचा. जन्मात त्याचं तोंड पाहिलं नव्हतं, पण आवाजावरून जाडा असावा असं तिला वाटायचं.

"चौदा-साठ."

"चौदा-साठ. सकाळपेक्षा दोन सेंटिमीटर कमी. या पाण्याला कुठं जायची घाई लागलीय हो?"

"तुमच्या चाकांना विचारा. विजेसाठी तुम्हीच पिता आणि आम्हाला विचारता."

तो हसायचा. एकदा त्यानंच तिला समजावून सांगितलं होतं. चौदाच्या खाली गेलं की वरच्या डोंगरातल्या तलावाची दारं उघडून त्याचं पाणी इथं सोडायचं. तोच शेवटचा साठा. तोही संपला की उरतो तो मृतसाठा. म्हणजे पाणी दिसतं, पण घेता येत नाही.

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखं," ती म्हणाली होती. "दिसतात दिवसभर, हाताला लागत नाहीत."

तेव्हा ती गंमतच होती.

२

त्या उन्हाळ्यात पाण्यातून घर वर आलं.

आधी छपराची स्लॅब, मग खिडक्या, मग ओटा. बांध बांधत होते तेव्हाच्या पातळीवाल्यासाठी बांधलेलं दोन खोल्यांचं घर होतं. तलाव भरला तसं ते बुडालं. त्याच्याच बेतावर पुढे वरचं क्वार्टर बांधलेलं: तीच पुढची खोली, तोच आतला स्वयंपाकाचा कोपरा, तीच उत्तरेची खिडकी. फक्त खालच्या घराला पत्र्याऐवजी स्लॅब होती, आणि दारं-खिडक्यांची लाकडं उरली नव्हती.

साहेब पाहणीला आले, घराभोवती चक्कर मारून म्हणाले, "पातळीवाले, दिवसातून तीनदा हा डोंगर चढता-उतरता कशाला? इथंच बसत जा. भिंती मजबूत आहेत."

झालं. नवरा सकाळी खाली गेला की दिवेलागणीला वर येऊ लागला. दुपारचा डबा सोबत. चार वर्षांची बिट्टी पहिल्या दिवशी हट्ट करून बाबांच्या मागे गेली, आणि मग रोजच जाऊ लागली. खाली गार असतं म्हणे. ते खरंही होतं. वर पत्रा तापून क्वार्टरची भट्टी व्हायची.

ती अंगणातून बघायची. पोरगी पाण्याच्या जागी, म्हटल्यावर जीव टांगणीला लागणारच. एवढ्या लांबून नवरा काडीएवढा दिसायचा आणि बिट्टी ठिपक्याएवढी. दोघं ओट्यावर दिसली की तिचा श्वास खाली बसायचा. आत गेली की पुन्हा वर.

आठवड्याभरानं एक दिवस संध्याकाळी तिनं डबा घासायला घेतला. उघडला, तर डबा घासलेला होता. नुसता विसळलेला नाही. घासून, पुसून, कोरडा. झाकणाच्या खाचेतलं जुनं तेलकट, जे तिच्याच्यानं वर्षभर निघालं नव्हतं, तेही निघालेलं.

"अहो, डबा तुम्ही घासलात?"

नवरा पाय धूत होता. "असेल."

"असेल म्हणजे? लग्नाला सहा वर्षं झाली, तुम्ही पाण्याचा पेला उचलून ठेवला नाही कधी."

"मग नसेल घासला."

"अहो, घासलाय ना पण!"

"मग घासला असेल," तो म्हणाला, आणि टॉवेलात तोंड पुसत हसला. ते हसू तिच्याकडे बघून नव्हतं. पुसता पुसता त्याला आतल्या आत काहीतरी आठवलं होतं.

३

संशयाचं मांजरासारखं असतं. एकदा दूध पाजलं की रोज दाराशी.

आधी बिट्टीची नखं. ती कापायची म्हणजे घरात युद्ध. दोघांनी धरायचं आणि पोरीनं किंचाळायचं. एके दिवशी बघते तर वीसच्या वीस कापलेली, एकसारखी, चंद्रकोरीसारखी. मग नवऱ्याच्या शर्टाचं दुसरं बटण. ते तिला किती दिवस लावायचं होतं. लागलेलं होतं. दोरा तिच्या डब्यातला नव्हता. जुन्या गोणीच्या सुतासारखा, करड्या रंगाचा. टाके मात्र असे की तिनं दातओठ खाल्ले. ती स्वतः इतके नेटके घालू शकली नसती.

"बिट्टे, खाली कोण येतं गं?"

"कुणी नाही."

"नखं कुणी कापली?"

बिट्टीनं तोंडावर हात ठेवला. सांगायचं नाही असं नव्हे; हसू बाहेर पडू नये म्हणून. आणि ती पळाली.

काठावर बायका कमी होत्या का? धुणंवाल्या, गुरंवाल्या, काकडीच्या वाट्यांत वाकलेल्या. तिनं एकेक डोळ्यांसमोर आणली. ही म्हातारी, ती पुढच्या दातांची, तिसरीला स्वतःचीच सहा पोरं. पण संसारातल्या बाईला संसाराची वेळ कळते. जी कुणी होती ती नेमकी जिथं तिचा हात पोचला नाही तिथं हात घालत होती. सुंदर असती तर परवडलं असतं, असं तिच्या मनात आलं. सुंदर बाईशी भांडता येतं. कामसू बाईशी कशावरून भांडायचं?

बाराच्या आकड्याला आता ती पाच मिनिटं आधीच अंगणात उभी राहायची. तो ओट्यावर यायचा, आकडे टांगायचा, वर न बघताच आत जायचा. पूर्वी हात हलवायचा.

४

मंगळवारी ती खाली गेली. निमित्त काकड्यांचं काढलं.

गाळातल्या पहिल्या वाट्यावरची मावशी वेलांना पाणी घालत होती. तिचा कमरेवरचा हात कधी सुटायचा नाही आणि तोंडही कधी मिटायचं नाही. "ये गं बाई. पायाला मेंदी लागली होती का इतके दिवस? नवरा खाली, बायको वर, पाणी मध्ये. असला संसार बदकांचा असतो."

"मावशी, एक विचारू? त्या घरात दिवसा कुणी बाई येते का हो?"

मावशीची झारी थांबली. तिनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मला काय विचारतेस? तूच जातेस की."

"मी? मी आज पहिल्यांदा उतरले."

"मग माझे डोळे गेले," मावशी म्हणाली आणि पुन्हा पाणी घालू लागली. "या वयात जायचेच. पण तुला पाठमोरी मी काय आज ओळखते?"

नवरा त्या वेळी लांब पंपाकडे रेघ मारायला गेला होता. खांद्यावर बिट्टी बसलेली दिसत होती. घर मोकळं होतं. ती ओट्यावर चढली.

बाहेर गाळ वीतभर. ओट्याच्या पायऱ्यांवर गाळ. उंबऱ्याच्या आत मात्र जमीन झाडलेली होती. झाडूचे अर्धगोल फरकाटे ओल्या फरशीवर अजून उमटलेले होते, आतल्या खोलीकडून दाराकडे येणारे. भिंतींना हिरवट बुरशीचा वास. पुढच्या खोलीत टेबल, रजिस्टर, चुन्याची बादली. सगळं नवऱ्याचं. तिनं स्वतःला सांगितलं, झाडू कुणीही मारू शकतं. पोरगी खेळता खेळता मारते.

तेवढ्यात आतल्या खोलीत कुणीतरी भांडं खाली ठेवलं.

मोठा आवाज नव्हता. पाण्यानं भरलेलं जड भांडं सांडू नये म्हणून जपून टेकवतो ना, तसा. आणि मग काहीच नाही. आत जावं की पळावं, अशा वेळी तिला भीती आधी वाटायला हवी होती. आधी आला तो राग. भांडी मांडलीस का माझ्या नवऱ्याच्या खोलीत? ती तरातरा आत गेली.

कुणी नव्हतं. भांडंही नव्हतं. उत्तरेच्या खिडकीखाली, वरच्या घरात ती जिथं बसून भाजी निवडायची अगदी तिथं, जमिनीवर ओला डाग होता. बसून उठलेल्या माणसाएवढा. भिंतींत वर्षानुवर्षं पाणी मुरलंय, ते पाझरणारच, तिनं मनाशी म्हटलं. सातवीपर्यंतच शिकले म्हणून काय झालं, ओल म्हणजे काय ते कळतं मला.

पण ओल कडेनं वाळत जाते. हा डाग ती बघत असताना मधून वाळत होता, जशी खालची ऊब हळूहळू निवत जावी तसा.

ती काकड्या न घेताच वर आली.

५

त्या रात्री ती भांडली नाही. भांडून काय होणार होतं? तो म्हणणार, असेल.

दुसऱ्या दिवशी बाराला खांबावर चौदा-बावीस लागलं. तिनं फोन उचलला.

"बोला वहिनी."

"चौदा-एकवीस," ती म्हणाली.

आपण बोललो ते तिचं तिलाच नंतर ऐकू आलं. पलीकडे ऑपरेटरनं आकडा परत म्हटला आणि लिहून घेतला. इतकं सोपं होतं ते.

संध्याकाळी तिनं आणखी एक चोरला. सकाळी आणखी एक. एकदम खाली आणलं असतं तर कुणीतरी धावत आलं असतं. पण ताकातलं लोणी चोरावं तसं बोटाबोटानं नेलं तर कुणाला कळतं? ती चार दिवस असंच करत राहिली.

"वहिनी, फार झपाट्यानं उतरतंय हो," ऑपरेटर एकदा म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "पट्टी नीट दिसते ना?"

"ऊन बघताय ना? मी दिसतं ते सांगते. विश्वास नसेल तर या बघायला."

"तसं नाही हो. तुमच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर?"

हे वाक्य तिला लागलं. तरी तिनं मोजून ठेवलं होतं. वरची दारं उघडली की आधी भोंगा वाजणार. मग पाणी यायला दोन तास. तेवढ्यात नवरा माणसं, गुरं, पंप सगळं वर काढणार, त्याचं कामच ते. आणि बिट्टीला चौथ्या दिवशी तिनं खाली पाठवलं नाही. अंग कोमट लागतंय म्हणाली. बिट्टी दारात बसली, आईकडे पाठ करून.

बाराला खांबावर चौदा-आठ होतं.

"तेरा-अठ्ठ्याण्णव," ती म्हणाली.

पलीकडे रजिस्टरची पानं उलटल्याचा आवाज आला. मग ऑपरेटर म्हणाला, "गेलं म्हणजे चौदाच्या खाली. बरं. ठेवा फोन, साहेबांना कळवतो."

भोंगा वाजला तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. खाली माणसांची पळापळ झाली. नवऱ्याची शिट्टी ऐकू येत होती. चार वाजता पाणी आलं. लोंढा नाही, काही नाही, नुसता काठ वर वर सरकत गेला. काकडीचे वाटे गेले, चुन्याच्या रेघा गेल्या. ओटा गेला. खिडक्यांतून पाणी आत शिरताना ती अंगणातून बघत होती, आणि बिट्टी तिच्या पदराला धरून रडत होती. असं रडणं तिनं त्या पोरीचं कधी ऐकलं नव्हतं. आवाजच नव्हता त्याला.

नवरा कमरेपर्यंत चिखलात भरून वर आला. "कुणी सोडायला लावलं पाणी? माझ्याकडे चौदाच्या वर आहे."

ती दोरीवरचे वाळलेले कपडे गोळा करू लागली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग फोनकडे. मग रजिस्टर उघडून तो टेबलाशी बसला, आणि आपल्याच हातचे चार दिवसांचे आकडे खोडून, तिला एकेक विचारून, तिचे लिहिले. तिची लबाडी त्यानं आपल्या अंगावर घेतली. तिला वाटलं, जिंकलं. माझा आहे हा.

"ओट्यापर्यंत आलं तेव्हा मी आत होतो," तो लिहिता लिहिता म्हणाला. "किती सांगितलं, चल. नाही आली."

"कोण?"

"असेल कुणी," तो म्हणाला आणि रजिस्टर मिटलं.

६

तिला वाटलं होतं, घर बुडालं की तिचं घर वर येईल.

नवरा घरी होता. बिट्टी घरी होती. वेळेवर जेवत होती, विचारलं तर उत्तर देत होती, हाक मारली तर येत होती. पण पाहुण्यांच्या घरी शहाणी मुलं जशी वागतात तशी. ताटात काही टाकत नव्हती. हट्ट करत नव्हती. एक दिवस तिनं मुद्दाम बिट्टीची बाहुली उंच फळीवर ठेवली, पोरीनं रडून मागावी म्हणून. बिट्टीनं वर पाहिलं, "राहू दे," म्हणाली आणि खिडकीत जाऊन बसली. खिडकीतून तलाव दिसायचा.

मावशी वाटेत भेटली. तिच्या सगळ्या वेलांवर दोन पुरुष पाणी होतं. "बारा महिने जपलेलं पाणी," ती म्हणाली, "आणि आताच कुणाचं पोट दुखलं कोण जाणे." मावशी थेट तिच्याकडे बघत होती. तिनं मान खाली घातली. सांगितलं असतं तर मावशीला पटलं नसतं असं नाही. पटलं असतं, याचीच तिला भीती होती.

एका दुपारी ती पोरीला घेऊन मुद्दाम काठावर गेली. मनातलं भूत बघून टाकावं म्हणून. वारा पडला होता, पाणी निवळलं होतं. खाली स्लॅब दिसत होती, मोठ्या पिवळट माशाच्या पाठीसारखी. एका कडेनं बुडबुडे येत होते. भिंतींतली हवा निघत असणार. तिनं ते मनात म्हटलं आणि दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हटलं.

बुडबुडे यायचे आणि थांबायचे. यायचे आणि थांबायचे. नुसती हवा जशी फसफसून निघते तसे नाहीत. मोजून, सावकाश, खाली कुणी गुडघ्यात डोकं घालून बसलंय आणि उसासे टाकतंय असे. बिट्टी काठावर उकिडवी बसली. तिनंही उसासा टाकला. बुडबुडे आले. पोरीनं दुसरा टाकला. बुडबुडे आले.

तिनं बिट्टीचं बखोट धरून तिला ओढतच वर आणलं. दंडावर पाची बोटं उमटली. संध्याकाळी नवऱ्यानं त्या बोटांवर तेल लावलं आणि ती कुणाची म्हणून विचारलंसुद्धा नाही.

७

वरचा तलाव रिकामा झाला होता. आता खालच्या गावांना प्यायला इथलंच पाणी सोडायचं, असा हुकूम आला. चाकं दिवसाचे सहा तास फिरणार.

"वहिनी, रोज हातभर उतरेल आता," ऑपरेटर म्हणाला. "आणि रागावू नका, पण आकडा दोघांनी बघून सांगा. वरून विचारणा झालीय. मी सांभाळून घेतलंय."

तिनं फोन ठेवला आणि वळून पाहिलं. नवऱ्यानं ऐकलं होतं. तीन आठवड्यांची दाढी वाढवून बसलेला माणूस उठला, आरसा खिडकीत टांगला आणि साबण लावून दाढी करू लागला. शीळ घालत. बिट्टी त्याच्या पायाशी येऊन उभी राहिली. "बाबा, किती दिवस?"

"सात. फार तर आठ."

दोघं आरशात एकमेकांकडे बघून हसली. त्या आरशात तीही होती, मागे, दारात. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

ती सात दिवस स्वयंपाक करता करता विचार करत होती. चोरी करून झाली, पाण्यात बुडवून झालं. आता एकच उरलं होतं. ते दोघं जिथं जातात तिथं त्यांच्या आधी जाऊन बसायचं. जागा भरलेली असली की दुसरी कशी बसेल? चुलीपुढची जागा एकीचीच असते.

आठव्या दिवशी सकाळी तिनं दवाखान्यात जाते म्हणून सांगितलं. "दुपारचा आकडा तुम्हीच वाचा आणि वर येऊन कळवा," ती म्हणाली. "बिट्टीला सांभाळा."

"सांभाळतो की," नवरा म्हणाला. त्याला इतकी घाई होती की कुठं दुखतंय हेही त्यानं विचारलं नाही.

ती मागच्या पाऊलवाटेनं, बांधाच्या कडेनं उतरली. घर नुकतंच पाण्यातून सुटलं होतं. ओट्यावर घोटाभर गाळ. ओट्याशी येता येता तिचा पाय नव्यानं आखलेल्या रेघेपलीकडे पडला आणि गाळानं तिला मांडीपर्यंत घेतलं. ती हातांनी, कोपरांनी रखडत, तोंडावर चिखल घेत सुटली. आत खोलीत काळोख नव्हता, पण बाहेरच्या उन्हातून आल्यावर तसंच वाटत होतं. कुणी नव्हतं. तिनं नीट पाहिलं. कोपरे पाहिले. कुणीच नव्हतं, आणि तिला पहिल्यांदा वाटलं की कधीच नसावं. आपणच आपल्या डोक्यात एक बाई वाढवली. या विचारानं तिला हसू आलं, मग रडू आलं. मग, रिकामे हात काय करणार, म्हणून तिनं पदर खोचला आणि फरशीवरचा गाळ दाराकडे ओढायला सुरुवात केली.

८

बाराच्या सुमाराला हाका ऐकू आल्या. बिट्टी उड्या मारत येत होती, नवरा मागून. "अगं हळू, घसरशील!" त्याचा आवाज असा मोकळा तिनं लग्नाच्या पहिल्या वर्षी ऐकला होता.

ती उत्तरेच्या खिडकीखाली बसली होती. आता सांगायचं. मी आहे. बघा, दुसरं कुणी नाही इथं. मीच.

नवरा दारात थांबला. उन्हातून आल्यानं त्यानं डोळे बारीक केले.

"आहेस," तो म्हणाला. "मला वाटलं, त्या दिवसानंतर तू थांबणार नाहीस." आणि तो आत येऊन तिच्यासमोर खाली बसला, मातीत, आणि तिच्या कपाळावरचा चिखल त्यानं अंगठ्यानं पुसला. इतक्या हळू, की तिनं डोळे मिटले. सहा वर्षांत त्यानं तिला कधी असं पुसलं नव्हतं.

बिट्टी येऊन मांडीत धपकन बसली. तिनं आपलं सगळं वजन टाकून दिलं, आईच्या मांडीत आता कधी टाकत नसे तसं.

"बिट्टे," ती म्हणाली, "अगं, मी..."

बिट्टीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "हळू बोल. आईला ऐकू जाईल."

"कुठं आहे आई?"

"वर. तिथंच असते." बिट्टीनं खिडकीकडे बोट केलं.

तिला बघायचं नव्हतं. तिनं पाहिलं. उतारावर, उन्हात, क्वार्टरचं अंगण हातरुमालाएवढं दिसत होतं. दवाखान्यात गेलेल्या बाईच्या अंगणात एक बाई उभी होती. काडीएवढी. डोळ्यांवर हात धरून खाली बघत होती, आणि एवढ्या लांबूनही दिसत होतं की ती जळतेय.

उठावं. ओरडावं. या दोघांना धरून वर न्यावं आणि त्या बाईला माझ्या दारातून हाकलावं. पाय उचलायला नुसता एक झटका पुरला असता. पण पोरगी मांडीत होती, उबदार, जड. नवऱ्याचा हात अजून तिच्या केसांवर होता.

"तू रागावणार नाहीस ना?" बिट्टीनं विचारलं. "आई फार रागावते."

"नाही गं," ती म्हणाली. "मी नाही रागावत."

आणि मग तिनं विचारलं. स्वतःलाही नवल वाटेल इतक्या गोड आवाजात.

"कशी आहे गं तुझी आई?"

बिट्टीनं नाक मुरडलं, बाबांकडे बघून खुदकन हसली, आणि सांगायला लागली.